पंधरा लाटांचे एक चित्र

जुन्नर शहराच्या उत्तरेस, कुकडी नदीच्या पलीकडे, लेण्याद्रीचा डोंगर उभा आहे. त्याच्या दक्षिणेकडील कड्यात सुमारे तीस लेणी ओळीने कोरलेली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत बौद्ध भिक्षूंसाठी ती खोदली गेली. त्यांतील सातवे लेणे सर्वांत मोठे असून तेथे अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज गणपतीचे स्थान आहे. दर्शनास आलेले लोक पायऱ्यांची चढण चढून तेथे विसावतात आणि समोर पसरलेले कुकडीचे खोरे व पलीकडचा शिवनेरी किल्ला पाहून श्रम विसरतात. शेजारच्या सहाव्या लेण्याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते.

हे सहावे लेणे म्हणजे चैत्यगृह होय. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत पाऊल टाकले की प्रथम काहीच दिसत नाही. काही वेळ थांबले म्हणजे अंधारातून एकेक खांब पुढे येतो, खांबांच्या माथ्यावर कोरलेले हत्ती व वाघ दिसू लागतात आणि अगदी शेवटी स्तूपाचा गोल आकार डोळ्यांपुढे उभा राहतो. ज्याला थांबवत नाही, तो "आत काही नाही" असे म्हणून मागे फिरतो.

अशा अंधाऱ्या जागी छायाचित्र कसे घेत असतील? कॅमेऱ्याच्या भिंगामागे एक झडप असते. झडप उघडली की उजेड आत शिरतो व मागे ठेवलेल्या फिल्मवर, किंवा आजच्या कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पटलावर, चित्र उमटते. भर उन्हात ही झडप सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका वेळ उघडली तरी पुरते. चैत्यगृहातील अंधूक उजेडात तेवढ्या वेळात काहीच उमटणार नाही. तथापि कॅमेऱ्याच्या अंगी एक गुण असा आहे की, जो मनुष्याच्या डोळ्यात नाही. तो उजेड साठवू शकतो. पावसाळ्यात पागोळीखाली ठेवलेले भांडे जसे थेंबाथेंबाने भरत जाते, तसे झडप उघडी ठेवली असता अंधूक उजेडाच्या थेंबांनीही चित्र भरत जाते. संबंधित अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन छायाचित्रकार तेथे तिकाटण्यावर कॅमेरा बसवितो, अर्धा मिनिट झडप उघडी ठेवतो, आणि डोळ्यांना अंधुक भासणारे नक्षीकाम चित्रात स्वच्छ उमटते. या रीतीस दीर्घ उद्भासन असे नाव आहे.

या चित्रात आणखी एक नवल दिसते. अर्ध्या मिनिटात चार-सहा माणसे कॅमेऱ्यासमोरून ये-जा करून गेली, तरी चित्रात त्यांचा मागमूसही उरत नाही. एका जागी ती इतका थोडा वेळ असतात की, त्यांच्यापासून आलेला उजेड चित्र उमटण्यास पुरत नाही. परंतु एखादी वृद्धा स्तूपासमोर हात जोडून स्तब्ध उभी राहिली असेल, तर तिची आकृती चित्रात उतरते. सारांश, चालती वस्तू पुसली जाते व स्थिर वस्तू उमटते.

छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात हा गुण नव्हे, तर मोठा दोष मानला जात असे. फ्रान्स देशातील निएप्स या संशोधकाने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या घरांचे जे चित्र घेतले, ते जगातील आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या छायाचित्रांपैकी एक होय. त्यासाठी निदान आठ तास लागले असावेत असे मानतात. तेवढ्या वेळात सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला, आणि म्हणून त्या चित्रात घरांच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन पडलेले दिसते. हिवाळ्यात लेण्याद्रीच्या दक्षिणाभिमुख कड्यासमोर सकाळपासून संध्याकाळपर्यंत झडप उघडी ठेवली, तर हाच प्रकार घडेल. सकाळचे ऊन व संध्याकाळचे ऊन एकाच चित्रात एकत्र येईल.

१८३८ साली दागेर याने पॅरिस शहरातील एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले. त्यास काही मिनिटे लागली. रस्त्यावर घोडागाड्या धावत होत्या, माणसे चालत होती. पण चित्रात रस्ता ओसाड दिसतो. केवळ एक मनुष्य बूट पुसून घेण्यासाठी एका जागी उभा होता. त्याचीच आकृती चित्रात उमटली. छायाचित्रात स्पष्ट दिसणारा पहिला मनुष्य म्हणून तो आज ओळखला जातो; परंतु त्याचे नाव कोणासही ठाऊक नाही.

ही विद्या भारतात लवकरच आली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची आवड असणाऱ्यांचे मंडळ स्थापन झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामांकित छायाचित्रकार होते. त्या वेळी समुद्राचे चित्र घेणे हे सर्वांत कठीण काम समजले जाई. लाटा क्षणभरही स्थिर राहत नाहीत. शिवाय आकाश फार उजळ व पाणी त्यामानाने काळोखे. पाण्यास पुरेल इतका वेळ द्यावा तर आकाश पांढरेफटक पडते; आकाशास साजेल इतकाच वेळ द्यावा तर पाणी काळे राहते. फ्रान्समधील गुस्ताव ल ग्रे याने १८५६ ते १८५८ या काळात समुद्राची जी चित्रे घेतली, त्यांतील काहींत त्याने ही अडचण युक्तीने सोडविली. समुद्राची एक काच व आकाशाची दुसरी काच अशी दोन निरनिराळी चित्रे घेऊन ती त्याने एकाच कागदावर जुळवून छापली. वाहती लाट जिथल्या तिथे धरून ठेवलेली पाहून लोक चकित झाले.

पुढे भिंगे सुधारली, फिल्म अधिक संवेदनशील झाली, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागातही चित्र निघू लागले. लाटेला पकडणे ही आता कठीण गोष्ट राहिली नाही. तेव्हा काही छायाचित्रकारांच्या मनात उलट विचार आला. जुन्या लोकांनी ज्याला दोष मानले, तो मुद्दाम घडवून आणला तर काय दिसेल? झडप लवकर न मिटता दोन मिनिटे उघडी ठेवली तर समुद्र कसा दिसेल?

हा प्रयोग पाहण्यास लेण्याद्रीहून समुद्राकडे जावे लागते. लेण्याद्रीला समुद्र मुळीच परका नाही. चैत्यगृहातील शिलालेखावरून असे कळते की, कल्याण येथील हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले. कल्याण हे त्या काळचे भरभराटीचे बंदर होते. बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून नाणेघाट चढून जुन्नरास येत असे. त्याच वाटेने व्यापाऱ्यांचे धन वर आले व डोंगरात लेणी उभी राहिली. पुढे कित्येक शतकांनी, १६३० साली, समोरच्या शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. त्यांनी १६८० साली अलिबागच्या समुद्रात, खडकावर, कुलाबा किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला. संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. दीर्घ उद्भासनाच्या चित्रासाठी याहून चांगली जागा शोधण्याची गरज नाही. कारण येथे अत्यंत स्थिर व अत्यंत चंचल अशा दोन वस्तू एकमेकींना भिडून उभ्या आहेत. तटाचे मोठमोठे दगड चुन्यावाचून एकावर एक रचलेले आहेत. त्यांच्या फटींत पाणी शिरते व लाटेचा जोर तेथेच मोडतो.

संध्याकाळी अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे किल्ला पश्चिमेकडे दिसतो व त्याच्या बाजूने सूर्य पाण्यात उतरतो. या वेळी झडप सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकी उघडली, तर उडालेल्या पाण्याचा एकेक थेंब मोत्यासारखा अधांतरी थांबलेला दिसेल. अर्धा सेकंद उघडली, तर खडकांवरून परतणाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या रेघा दिसतील. जणू कोणी चरख्यावर सूत काढीत आहे. अर्ध्या मिनिटात रेघाही नाहीशा होतात व खडकांभोवती धुके पसरल्यासारखे वाटते. दोन मिनिटांनंतर समुद्र दुधाच्या सायीसारखा सपाट होतो आणि वरचे ढग वाऱ्याच्या दिशेने लांबच लांब ओढले जातात. नांगरलेली होडी पाण्यावर डोलत असल्यामुळे पुसट होते. अंधार पडल्यावर एखादी होडी कंदील घेऊन गेली, तर होडी दिसत नाही. तिच्या दिव्याची तेजस्वी रेघ तेवढी राहते. किल्ल्याचा तट मात्र जसाच्या तसा, दगड न् दगड मोजता येईल असा, उभा असतो.

यासाठी सूर्योदयाची व सूर्यास्ताचीच वेळ का निवडतात? पहिले कारण उजेडाचे आहे. भर दुपारी झडप दोन मिनिटे उघडी ठेवली, तर चित्र नुसते पांढरे होईल. सूर्य क्षितिजाजवळ आला म्हणजे उजेड उतरू लागतो. उजेड निम्मा झाला की झडप दुप्पट वेळ उघडी ठेवावी लागते. एक सेकंदाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, अशी ही चढण आहे. उजेड अधिक असल्यास छायाचित्रकार भिंगापुढे एक गडद काच लावतो. उजेडाचा सुमारे हजारावा भागच आत सोडणाऱ्या काचाही मिळतात. अशा काचेने सेकंदाच्या साठाव्या भागाचे काम सुमारे सतरा सेकंदांवर जाते.

दुसरे कारण रंगांचे आहे. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या किरणांना हवेतून फार लांबचा प्रवास करावा लागतो. त्या प्रवासात निळा प्रकाश इतस्ततः विखुरला जातो व तांबडा-पिवळा प्रकाश अधिक प्रमाणात आपणापर्यंत पोहोचतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या दोन वेळांत एक मोठा भेद आहे. येथे सूर्य समुद्रात मावळतो, पण समुद्रातून उगवत नाही. तो पूर्वेच्या डोंगरांमागून वर येतो. त्यामुळे संध्याकाळी किल्ला उजेडापुढे काळ्या आकृतीसारखा दिसतो, तर सकाळी त्याच्या तटावर कोवळे ऊन पडून दगडांचा रंग उजळतो आणि मागचा समुद्र अद्याप झोपेत असल्यासारखा फिकट निळा राहतो.

हे काम दिसते तितके सोपे नाही. सूर्याच्या बिंबाची खालची कडा क्षितिजाला लागल्यापासून पूर्ण बिंब मावळेपर्यंत सुमारे सव्वादोन मिनिटेच लागतात. पुढे रंगांची शोभा टिकते तीही वीस-पंचवीस मिनिटे. दोन मिनिटांच्या चित्रात शेवटच्या सेकंदाला कॅमेऱ्यास धक्का लागला, तर सर्व श्रम वाया जातात. वारा तिकाटणे हलवितो. परतणारी लाट त्याच्या पायांखालची वाळू ओढून नेते. खारे तुषार भिंगावर बसतात. सूर्य तेजस्वी असताना भिंगातून त्याकडे पाहिले, तर डोळ्यांना कायमची इजा होते; म्हणून जाणता मनुष्य बिंब पुरते मावळेपर्यंत तसे धाडस करीत नाही.

सर्वांत मोठा धोका भरतीचा. ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. भरतीत तीच वाट पाण्याखाली बुडते. किनाऱ्यावरील लोकांना भरतीचा एक सोपा हिशेब पूर्वापार ठाऊक आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ साधारणपणे मिळते. चतुर्थीस तीनच्या सुमारास भरती, तर नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीस सहाला भरती, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी पाणी तटाला भिडलेले असते. पौर्णिमेस व अमावास्येस दुपारी बाराच्या सुमारास भरती येते व सायंकाळी सहाच्या सुमारास पाणी फार दूरवर ओसरते. खडक उघडे पडलेले हवे असतील, तर छायाचित्रकार पौर्णिमेची संध्याकाळ निवडतो. परंतु त्याच क्षणी पाणी पुन्हा वळू लागलेले असते. ज्याची नजर केवळ पश्चिमेच्या रंगांत गुंतते, त्याच्या मागे किनाऱ्याकडील सखल वाळूत पाणी केव्हा भरले हे त्यास कळत नाही. म्हणून हा हिशेब झाल्यावरही जाणता छायाचित्रकार त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहतो, कोळी बांधवांस विचारतो आणि चित्र अपुरे राहिले तरी वेळेवर परत फिरतो. चित्र उद्याही मिळते.

इतके श्रम करून मिळालेले चित्र पाहून कोणी म्हणेल, "असा समुद्र कधी असतो काय? हे चित्र खोटे आहे." हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. दिवाळीत मुले पेटलेली फुलबाजी गरगर फिरवितात, तेव्हा सर्वांना तेजाचे वर्तुळ दिसते. तेथे वर्तुळ नसते. एक ठिणगी फिरत असते. आपल्या पूर्वजांनी यास अलातचक्र असे नाव दिले होते. म्हणजे मनुष्याचा डोळाही उजेड किंचित काळ धरून ठेवतो. कॅमेरा तेच काम अधिक काळ करतो, इतकेच. समजा, दर आठ सेकंदांनी एक लाट येते. दोन मिनिटांत पंधरा लाटा आल्या. त्या पंधराही लाटांचा उजेड चित्रात आहे. त्यात बाहेरचे काहीही मिसळलेले नाही. हे चित्र एका क्षणाचे नसून पंधरा लाटांची बेरीज आहे. बेरजेत मूळचे आकडे दिसत नाहीत, म्हणून बेरीज खोटी ठरत नाही. मात्र हे चित्र एका क्षणाचे आहे असे जर कोणी सांगितले, तर ते सांगणे खोटे होईल.

या चित्रात समुद्र चंचल व दगड अढळ वाटतो. परंतु तोही हिशेब दोन मिनिटांचाच आहे. जुन्नरहून कल्याणकडे जाणाऱ्या त्या जुन्या नाणेघाटात एक लेणे आहे. त्याच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती ओळीने कोरल्या होत्या. सिमुक राजा, श्रीसातकर्णी, राणी नागनिका, ही नावे तेथे आजही वाचता येतात. मूर्ती मात्र काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. नावांखाली काही पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. कोणी दोन हजार वर्षे झडप उघडी ठेवली असती, तर पॅरिसच्या रस्त्यावरील घोडागाड्यांप्रमाणे ते राजेही पुसट झाले असते.

लेण्याद्रीच्या चैत्यगृहात आजही दुपारी बाहेरून येणाऱ्यास प्रथम अंधारच दिसतो. जो थोडा वेळ उभा राहतो, त्याच्यासाठी खांबांवरचे हत्ती हळूहळू उजेडात येतात.

स्वाध्याय

१. चैत्यगृहातील चित्रात चालणारी माणसे का उमटत नाहीत?
२. "बेरजेत मूळचे आकडे दिसत नाहीत, म्हणून बेरीज खोटी ठरत नाही." हे वाक्य लेखात कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल आले आहे? त्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.
३. लेण्याद्री व समुद्र यांचा संबंध दाखविणाऱ्या दोन गोष्टी सांगा.
४. षष्ठीच्या दिवशी भरती व ओहोटी साधारणतः किती वाजता असेल? पाठातील रीतीने काढा.
५. दर दहा सेकंदांनी एक लाट येत असेल, तर तीन मिनिटांच्या चित्रात किती लाटांची बेरीज होईल?
६. आपल्या गावातील एखादी गजबजलेली जागा अर्धा तास झडप उघडी ठेवून टिपली, तर चित्रात काय उरेल व काय पुसले जाईल? दहा ओळी लिहा.